भागीच्या हातातलं टोक

रस्सीखेचीत मी आयुष्यात एकदाच जिंकलो, तेही उताणा पडून.

आमचं गाव चांदा जिल्ह्यातलं, तलावाच्या काठचं. बाबा मासेमारी करत. माझी धाकटी बहीण भागी हिचा डावा पाय लहानपणीच्या तापात लुळा पडला होता, म्हणून कवायतीच्या तासाला गुरुजी तिला पाण्याच्या माठाजवळ राखणीला बसवत. (माठ कुठे पळून जाणार होता, ते गुरुजींनाच ठाऊक!) भागी तिथं बसायची खरी, पण जीव सगळा मैदानात.

एकदा धानवाल्यांच्या, म्हणजे भातशेतीवाल्यांच्या, पोरांशी आम्हा तलावकाठच्या पोरांची रस्सीखेच ठरली आणि आमचा एक गडी ऐनवेळी तापानं पडला. भागी काठी टेकत पुढे आली. हिला घेतलं तर हरू, असं सगळ्यांत आधी कोण म्हणालं असेल? मीच, तिचा सख्खा भाऊ!

"दोर हातानं ओढतेत ना गुरुजी?" भागी म्हणाली. "मंग माह्या पायाकडे काऊन पाहून राह्यले?"

 गुरुजी एक संधी देतो म्हणाले. जमलं तर रोज कवायत, नाहीतर आहेच माठ.

भागी दोराच्या टोकाला जाऊन बसली. घरीही तिची जागा तीच. मोठं जाळं ओढताना पाण्यातल्या खुंटाला अडकलं की बाबा "ढील!" म्हणून ओरडत आणि आम्ही सगळे हात सोडत, नाहीतर जाळं फाटायचं. टोक धरणाऱ्यानं मात्र काही झालं तरी सोडायचं नाही. टोक गेलं की जाळंही तलावात गेलं.

शिट्टी वाजली. मी सगळ्यांत पुढे, छाती काढून. धानवाल्यांनी असा हिसका दिला की दोर गच्च अडकल्यासारखा झाला आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "ढील!"

घरोघरी जाळी ओढून तीच सवय लागलेल्या आमच्या सगळ्या शहाण्यांनी एका दमात हात सोडले! समोरची पोरं धाडकन एकमेकांवर कोसळली, त्यांच्या मागे उभे असलेले गुरुजी सगळ्यांच्या खाली. दोर त्यांच्याही हातून सुटला. मी बाजूला व्हायला गेलो आणि दोरात पाय गुंतून आडवा झालो.

टोक फक्त भागीच्या हातात होतं. जाळं मोकळं झालं की भराभर ओढायचं, एवढंच तिला माहीत. पाय रोवता येत नव्हता तरी तिनं दोन्ही हातांनी अख्खा दोर ओढून मांडीवर गोळा केला. दोरासोबत मीही फरफटत आलो.

गुरुजी धूळ झटकत उठले, आधी टोपी शोधली, मग म्हणाले, "भागे, उद्यापासून टोकाले तूच."

माझी पाठ सोलून निघाली होती, पण त्या दिवसाइतका अभिमान मला पुन्हा कशाचाच वाटला नाही. गावभर मीच सांगत फिरलो, भागी माझी बहीण आहे म्हणून.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, आज शाळेत काय केलं.

"दोरात एक सापडला होता बाबा," भागी माझ्याकडे बघत म्हणाली. "पर कामाचा नव्हता. सोडून देला."