पहाड आणि आडवी दांडी

पहाडाचा जन्म गाड्यांखाली आडवं पडून गेला. अंगाने आडवातिडवा, म्हणून हे नाव. खऱ्या नावाने त्याला फक्त बायको हाक मारायची, तीही चिडली की. गॅरेजात आमची बाकं शेजारी होती. मी इंजिनवाला, तो खालच्या कामाचा: स्प्रिंगा, शॉकअप, बुश. हातातलं काम अर्धवट टाकून तो चहाला उठलेला मी कधी पाहिला नाही.

मालकाला रेस ट्रॅकचा नाद होता. त्यासाठी त्याने एक जुनी छोटी गाडी ठेवली होती. ती चालवायचा पहाड, कारण उभी त्यानेच केली होती. आधी ती वळणावर इतकी कलायची की बाहेरच्या चाकांवर सगळा भार आणि आतली नुसती सोबतीला. पहाडाने स्प्रिंगा आखूड आणि कडक बसवल्या. मग शॉकअप बदलले. मग आडवी दांडी टाकली. ही दांडी डाव्या चाकाला उजव्याशी जोडते. गाडी एका अंगाला झुकायला लागली की ती पिळली जाते आणि झुकणं रोखते. कल सगळाच मारायचा नसतो, असं तो बजावायचा. फार कडक केली तर खडबडीत जागी टायर जमीन सोडतो. ट्रॅकवर जायचं, एक बदल करायचा, बघायचं. दोन बदल एकदम कधीच नाही. अशी काही वर्षं गेली.

मग त्याचा धाकटा भाऊ गॅरेजात लागला. आधी तो सामान पोचवायची व्हॅन चालवायचा. काडीसारखा, कायम शीळ घालणारा, हाताला ग्रीस लागलं की साबण शोधणारा. एका रविवारी मालकाने गंमत म्हणून त्याला ट्रॅकच्या गाडीत बसवलं आणि तो पहाडापेक्षा लवकर फेरी मारून आला. मालक घड्याळाकडे बघत राहिला. पहाडाच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. भावजींना कसं पटकन जमलं, असं ती सरळ मनाने बोलून गेली.

तेव्हापासून पहाडाच्या पोटात दुखायला लागलं. भाऊ शीळ घालायला लागला की हा ग्राइंडर सुरू करायचा. आपले पाने कुलपात ठेवायला लागला. घरी बायकोने भावाला आधी वाढलं, तर हा ताटावर बसून छताकडे बघायचा. तिने मला हसत हसत सांगितलं, पण ती हसली तेवढं ते हसण्यासारखं नव्हतं.

मालकाने जाहीर केलं की वर्षअखेरच्या शर्यतीत एकानेच गाडी चालवायची, आणि कोणी ते रविवारी ट्रॅकवर ठरेल. पहाड त्या शर्यतीसाठीच ती गाडी घडवत आला होता.

त्या आठवड्यात त्याने आणखी जाड दांडी बसवली. दांडीच्या दोन्ही टोकांना तिला चाकाशी जोडणाऱ्या लिंक असतात, आणि त्या आवळायची आमची एक रीत होती. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकं टेकलेली, आणि चालवणारा सीटवर बसलेला. दुसऱ्याच वजनावर आवळली तर दांडी आधीच पिळलेली राहते आणि गाडी एका वळणाला ऐकते, दुसऱ्याला नाही. मी पाना घेऊन खाली शिरलो. धाकट्याला बोलावू का, असं विचारलं. पहाड स्वतःच सीटवर जाऊन बसला. गाडी त्या अंगाने चांगली दबली.

"मी बसलोय ना," तो म्हणाला. "आवळ."

मी आवळलं.

शनिवारी सराव झाला. धाकटा दोन फेऱ्या मारून आला.

"दादा, डावीकडे गाडी छान बसते. उजवीकडे वळलो की नाक बाहेर पळतं."

पहाडाने त्याला हात सरळ ठेवायला सांगितलं. मग स्वतः बसला. गाडी दोन्हीकडे रुळावरून गेल्यासारखी गेली. मालक खूश झाला आणि त्याने घड्याळ दाखवलं. धाकटा तरीही थोडा पुढेच होता.

आम्ही गॅरेजात परतलो. पहाड कितीतरी वेळ हात पुसत बसला. त्यानंतर माझ्याकडे न बघता बोलला.

"उद्या तो हरला तर ठीक. पण जिंकला तर? वाकड्या गाडीत जिंकेल. मग मी तोंड कुठे दाखवू?"

"कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय. मला कळलंय."

त्याने भावाला हाक मारली, सीटवर बसवलं, हलायचं नाही, शीळ घालायची नाही असा दम दिला आणि स्वतः खाली शिरला. लिंक सैल केली. दांडीतला पीळ सुटताना मला दिसला. मग लिंकची लांबी त्याने नव्याने जुळवली आणि ती बोटाने फिरायला लागेपर्यंत पान्याला हात लावला नाही.

"दादा," वरून आवाज आला, "त्या दिवशी कोण बसलं होतं इथे?"

खालून उत्तर आलं.

"वाळूची पोती."

"बरीच जेवलेली दिसतात पोती."

मला हसू आवरेना. पहाडाने मात्र शेवटचा नट आवळला आणि मगच बाहेर आला.

रविवारी आधी पहाड गेला आणि चांगली वेळ लावून आला. पुढची फेरी धाकट्याची. पहाड अवघड वळणापाशी उभा राहिला, मी शेजारी. गाडी आली, कलली न कललीशी वळली, गेली. मागचा एक बघ्या म्हणाला, काय हात आहे पोराचा. गाडीबद्दल कुणी बोललं नाही. न कलणाऱ्या गाडीत लोकांना बघायला काय सापडणार? पहाडाने मान वळवून त्या माणसाकडे पाहिलं. त्याच्या नजरेत इतका जाळ होता की तो माणूस बाजूला सरकला.

घड्याळाने काही शंका ठेवली नाही. मालकाने धाकट्याचं नाव सांगितलं. पहाडाच्या बायकोने टाळ्यांसाठी हात उचलले, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि पदराशी चाळा करत राहिली.

सोमवारी सीट धाकट्याच्या मापाने पुढे घ्यायची होती. ते काम कुणीही केलं असतं. पहाडाने मला बोल्टला हात लावू दिला नाही. सीट सरकवली, आवळली, भावाला बसवून पाय पोचतात का ते बघितलं. मग दारात उभा राहिला. बाजूला होईचना.

"क्लच हळू सोड," तो म्हणाला. "त्याला माझ्या पायाची सवय आहे."