दार झाकायचा सण आणि शेजारची अक्का

जळगावात आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यात एकच भिंत आहे. बांधणाऱ्याने दुसरी वाचवली. त्यामुळे गेली तीस वर्षं त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मी ऐकते आणि माझ्या खोकल्यावर ते लोक काढा सुचवतात. शेजारी अक्का आणि नाना. अक्का माहेरची असोद्याची. नानांची केळी फैजपूरकडे, आता त्यांचा धाकटा भाऊ पाहतो. नाना घरी बसून भावाच्या चुका काढतात.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे अलिबागकडचे. यजमान पाटबंधारे खात्यात होते. आधी धुळ्याला काढली बारा वर्षं, मग इकडे बदली झाली आणि आम्ही इथेच राहिलो. ते जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी धुळ्यालाच कॉलेजात शिकवते. जळगावात आमच्यातलं दुसरं घर असेल तर मला माहीत नाही. मी कोणाला शोधायला गेले नाही आणि मला शोधत कोणी आलं नाही.

आमच्या दाराच्या चौकटीला मेझुझा लावलेला आहे. बोटाएवढी नळी असते, आत वचनं लिहिलेली गुंडाळी. जाता-येता तिला बोटं लावून ओठांना लावायची. एकदा मीटर बदलायला वायरमन आला. त्याने ती नळी नीट पाहिली आणि विचारलं, "काकू, याचं कनेक्शन कुठून घेतलंय?" यजमान म्हणाले, "वरून." तो खरंच गच्चीवर जाऊन पाहून आला.

मला धर्म कोणी बसवून शिकवला नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा दिवा लावायचा, काळ्या मनुका भिजवून सरबत करायचं, मटणात दूध-दही घालायचं नाही, हे सगळं सासूबाईंनी स्वयंपाक शिकवता शिकवता शिकवलं. त्यामुळे माझ्या डोक्यात देव आणि मीठ एकाच फळीवर ठेवलेले आहेत. प्रार्थनेचं पुस्तक देवनागरीत छापलेलं आहे. भाषा हिब्रू, अक्षरं आपली. वाचता सगळं येतं, कळत थोडं. यजमान म्हणायचे, ज्याला कळायचं त्याला कळतंय, तू वाच.

आमचा सगळ्यात मोठा दिवस योम किप्पुर. जुनी माणसं त्याला दार झाकायचा सण म्हणत. आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. पांढरं नेसायचं, दार लावून घ्यायचं आणि वर्षभरात काय काय केलं ते देवासमोर कबूल करायचं. सासूबाईंचा नियम कडक होता. बाहेरच्याशी बोलायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही. गाय सुटली तरी दार उघडायचं नाही. कोकणात आजूबाजूला चार घरं आपली असत, गाय कोणीतरी धरत असेल. इथे गाय नाही, म्हणून मला तो नियम अवघड वाटला नाही.

गेल्या वर्षी त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला दार वाजलं.

मी मागच्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते. आधी वाटलं, सिलेंडरवाला. मग अक्काचा आवाज आला, "वहिनी! ओ वहिनी!" मी आवाज ओळखला. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. मला वाटलं, ही केळफुलाची भाजी घेऊन आली असेल. दरवर्षी ती माझा उपास विसरते आणि नेमकं त्याच दिवशी काहीतरी चमचमीत घेऊन येते. मला जरा रागही आला. तीस वर्षं झाली, हिला एक दिवस लक्षात ठेवता येत नाही. पुन्हा दार वाजलं. मी पान उलटलं. कुठली कबुली चालू होती ते मला आठवतं. आम्ही कान असून ऐकलं नाही, अशा अर्थाची होती. मी ती मोठ्याने म्हटली.

मग आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवसाला आमच्यात शिळा सण म्हणतात. त्या दिवशी शेजारीपाजारी जायचं, गोड द्यायचं, गरिबाला काही द्यायचं. मी करंज्यांचं ताट घेऊन शेजारी गेले तर कुलूप. समोरच्या बाईने सांगितलं, नानांच्या छातीत कळ आली, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याने दवाखान्यात नेलं, नळी टाकली, आता बरे आहेत. "तुम्ही नव्हता ना काल," ती म्हणाली, "अक्का म्हणत होती, वहिनी धुळ्याला गेली."

मी ताट घेऊन परत आले. करंज्या आठ दिवस मीच खाल्ल्या.

नाना घरी आले तेव्हा मी भेटायला गेले. अक्काने पाणी दिलं, चहा दिला, बोलली नाही. नाना बोलले, पण ते केळीच्या भावावर बोलले. त्यानंतर अकरा महिने अक्का माझ्याशी बोलली नाही. अबोला तिने मोठ्या शिस्तीने पाळला. मला नळाचं पाणी आलं हे कळावं म्हणून ती तिची बादली मुद्दाम जोरात आपटायची, पण बोलायची नाही.

मुलगी म्हणाली, "आई, मोबाईलवर मेसेज टाक." मी टाकला. हात जोडलेलं चित्रही टाकलं. अक्काला वाचायला चष्मा लागतो आणि मोबाईल नानांकडे असतो. नानांनी उलट शुभ सकाळ पाठवलं, गुलाबासकट.

यंदा सणाच्या महिनाभर आधी मी ठाण्याला चुलतदिरांना फोन लावला. ते तिथे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवतात. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, माणसाचा जीव धोक्यात असेल तर शब्बाथही मोडायचा असतो. योम किप्पुरही. तसा हुकूमच आहे."

"सासूबाईंनी नाही सांगितलं."

"काकूंना गाईबद्दल माहीत होतं."

मी विचारलं, आता काय करू. ते म्हणाले, उपासाने देवाचे गुन्हे सुटतात, माणसाचे नाही. माणसाकडे जाऊन मागावं लागतं. नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मी विचारलं, मेसेज त्यात धरतात का. ते म्हणाले, विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

त्या महिन्यात आमच्यात पहाटे क्षमेच्या प्रार्थना म्हणतात. मी रोज भिंतीच्या या बाजूला बसून हिब्रूत माफी मागत होते आणि भिंतीच्या त्या बाजूला अक्का रांगोळीचा डबा शोधत होती. चौदा-पंधरा दिवसांनी माझ्याच लक्षात आलं की मी चुकीच्या दिशेला तोंड करून बसते आहे.

पहिल्यांदा गेले ती फाटकातूनच परतले. अक्का अंगणात डाळ निवडत होती. मी म्हटलं, "अक्का, मला माफ कर." ती म्हणाली, "कशाबद्दल?" मी तोंड उघडेपर्यंत ती सूप उचलून आत गेली.

दुसऱ्यांदा घरात गेले. सगळं बोलायचं ठरवून गेले होते, चुलतदिरांनी सांगितलेला हुकूमही सांगितला. म्हटलं, मला माहीत नव्हतं, धर्मात उघडायला परवानगी होती. अक्का म्हणाली, "म्हंजे तुले धर्मानं सांगितलं असतं तं उघडलं असतं. मी सांगितलं ते कमी पडलं." मी घरी येऊन दिवसभर भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

तिसऱ्यांदा गेले ती सणाच्या आदल्या दुपारी. सूर्य बुडायला तीन तास होते. अक्का कणकेचे गोळे करत होती, वरण-बट्टीचा बेत होता. नाना खाटेवर पेपर वाचत होते. मला बघून अक्का न वळता म्हणाली, "उद्या तुझा उपास ना?"

यंदा तिला लक्षात होतं.

"हो."

"म्हनून आज आली. उपास नसता तं आली असती?"

मी विचार केला. पांढरं नेसून खोटं बोलता येत नाही, आणि पातळ मी आधीच बदललेलं होतं. म्हटलं, "नसते आले. लाज वाटत होती. हा दिवस आला नसता तर मी मरेपर्यंत बादलीच ऐकत बसले असते. आणि अक्का, तुझा आवाज मला ओळखू आला होता. मला वाटलं भाजी आहे."

अक्काचे हात थांबले. "भाजी?"

"केळफुलाची."

"अवं माय," ती म्हणाली आणि पाटावर बसली. मला वाटलं आता शिव्या देईल. ती रडायला लागली. कणकेच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळे डोळ्यांत कणीक गेली. मी पाणी आणलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, नानांना ऐकू जाऊ नये म्हणून, "मले ठाऊक व्हतं तू घरात आहे. पन मी बठ्ठ्या आळीले सांगितलं, तू धुयाले गेली. लोक तुले काय म्हनले असते? यायलेबी तेच सांगितलं. दवाखान्यात, नळ्या लावेल मानसाले, मी खोटं बोलली. मंग तू दिसली का मले ते खोटं आठवे. कशी बोलू तुझ्याशी?"

अकरा महिने मी समजत होते की ती माझ्यावर रागावली आहे. रागावली होतीच, नाही असं नाही. पण वर ती माझी अब्रू राखत होती, आणि त्याचं ओझं तिलाच झालं होतं.

"आपण सांगून टाकू नानांना," मी म्हटलं.

"त्यायच्या छातीले सोसल का?"

पेपरामागून नाना म्हणाले, "वहिनी त्या दिवशी घरी होत्या."

आम्ही दोघींनी पेपराकडे पाहिलं.

"खोकत होत्या. भिंतीतून येत होता आवाज. मग मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. छातीत दुखत होतं मला, बहिरा नव्हतो मी."

"मंग बोलले कायले नही?" अक्का ओरडली.

"तू धुळे म्हणालीस. मी म्हटलं, हिला धुळे पाहिजे तर धुळे." त्यांनी पान उलटलं. मग पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही उघडलं असतं तरी करायचं काय होतं? तुम्हाला गाडी चालवता येत नाही. रिक्षावालाच लागणार होता."

"मी बरोबर आले असते," मी म्हटलं.

"हां," नाना म्हणाले. "ते मात्र राहिलं."

त्यांनी एवढंच म्हटलं, पण मला ते पुरलं. चुलतदिरांनी मोठे मोठे शब्द सांगितले होते. मी काय चुकले ते मला नानांच्या त्या तीन-चार शब्दांत कळलं. दवाखाना, नळी, रिक्षा हे सगळं माझ्यावाचून झालं. अक्का बाकावर एकटी बसली होती, तिच्याशेजारी बसायचं तेवढं माझ्यावाचून राहिलं.

अक्का आता नानांवर भडकली होती. अकरा महिने तिला खोटं सांभाळायला लावलं म्हणून ती त्यांच्याशी थेट बोलेना. मला म्हणाली, "त्यायले इचार, वरन पातय पायजे का घट्ट." मी विचारलं. नाना म्हणाले, "सांगा, पातळ." दोघं सहा फुटांवर बसलेली. मी सूर्याकडे बघत तीन बट्ट्या खाल्ल्या, वर तूप. मला माफ केलं, असं अक्का म्हणाली नाही. चौथी बट्टी वाढताना तिने विचारलं, "उद्या दार लावशील?"

"लावीन."

"आन् मी आवाज दिला तं?"

"उघडीन."

"मी कायले आवाज देईन," ती म्हणाली आणि बट्टी कुस्करून वर वरण ओतलं.

दुसऱ्या दिवशी मी दार लावून पुस्तक घेऊन बसले. अकराच्या सुमाराला आवाज आला, "वहिनी!" मी पुस्तक पालथं ठेवून धावले. गुडघा दाराला आपटला. अक्का बाहेर उभी होती, हात रिकामे.

"काय झालं?"

"काही नही. पाह्यलं." ती गेली.

साडेबाराला पुन्हा. मी उघडलं. "नही, काही नही." दोनला पुन्हा. एवढ्या वर्षांत माझं पुस्तक त्या दिवशी नेहमी संपायचं. यंदा अर्ध्यावरही आलं नाही. प्रत्येक वेळी मी कुठे होते ते विसरायचे आणि पान पहिल्यापासून सुरू करायचे, त्यामुळे एकच कबुली चार वेळा झाली. तशी ती माझ्या हिशेबाने बरोबर झाली.

तीनच्या सुमाराला मी कडी काढूनच ठेवली. अक्का आली, आवाज न देता उंबऱ्याशी बसली आणि सुपातली डाळ निवडायला लागली. मी आत मोठ्याने वाचत होते. शेजारून नानांचा आवाज आला, "अगं, ऐकलं का?" ती उठली नाही. पुन्हा आवाज आला, जरा चढा. मी वाचता वाचता थांबून तिच्याकडे पाहिलं.

तिने एक खडा उचलून बाहेर टाकला. "चहाची हाक आहे ती," ती म्हणाली. "तू वाच."