ताडपत्रीखालचा दिवा

माझ्या थोरल्या भावाची बायको गाड्यांचं वायरिंग दुरुस्त करते असं सांगितलं, की लोक आधी भावाची चौकशी करतात. त्याला काही झालं का? काहीही झालेलं नाही. दादा ठणठणीत आहे. तो त्याच वर्कशॉपमध्ये बॅटऱ्या चार्जिंगला लावतो, गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंतवतो आणि कुणी अवघड दुखणं घेऊन आलं की आतल्या बाजूला मान वळवून म्हणतो, "बाईसाहेब, तुमचा पेशंट आलाय."

लग्नाच्या वेळी वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावायचं, समोरच्या भोकांच्या भिंतीत याची तार त्याच्याशी जोडायची, हे तिचं काम. पुढे एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि तिथल्या साऱ्या बायका घरी बसल्या. वहिनी दादाचा डबा घेऊन वर्कशॉपमध्ये जाऊ लागली आणि परत यायचं विसरली, असं दादा सांगतो. तिचं म्हणणं निराळं. एका गाडीचा डॅशबोर्ड उघडून ठेवलेला होता, त्यातला तारांचा गुंता पाहून तिला माहेरी आल्यासारखं वाटलं म्हणे.

नम्रपणा तिला कधी मानवला नाही. आपल्या हातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. आणि मग सिस्टरची गाडी परत आली.

सिस्टर म्हणजे टेकडीपलीकडच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जाणारी नर्स. तिचं नाव आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. तिच्या जुन्या गाडीची बॅटरी उभ्या उभ्या उतरायची. वहिनीनं पहिल्या खेपेला चारही दारं तपासली होती. दाराच्या कुलपात एक छोटा स्विच असतो. दार उघडलं की तो एक तार गाडीच्या पत्र्याशी जोडतो आणि छतातला दिवा लागतो. दार लावलं की ती जोडणी तुटते, दिवा विझतो. मागच्या एका दाराचा स्विच अडकत होता. वहिनीनं तिथं नवं कुलूप बसवलं, प्रत्येक स्विच बोटानं दाबून दिवा विझतो हे पाहिलं आणि "झालं" म्हणून गाडी देऊन टाकली.

त्यानंतर एका पहाटे वरच्या वस्तीतून निरोप आला. सिस्टरनं किल्ली फिरवली, तर गाडी मुकी. ती दुधाच्या टेम्पोत बसून पोचली तोवर मूल जन्मलं होतं आणि आईचं बरंच रक्त गेलं होतं. दोघंही वाचली, पण सिस्टरच्या वरच्या अधिकाऱ्यांनी त्या वस्त्या दुसऱ्या केंद्राकडे द्यायचं मनावर घेतलं. ते केंद्र आणखी लांब. सिस्टर वर्कशॉपमध्ये आली तेव्हा भांडली नाही. एवढंच म्हणाली की उद्या तिला कार्यालयात उत्तर द्यायचं आहे, वस्त्या ठेवते की सोडते. गाडीचा भरवसा नसेल तर ती सोडणार होती, कारण तिच्या वाटेकडे डोळे लावून कुणी पडलेलं असावं आणि ती येऊ नये, हे तिला पुन्हा नको होतं.

वहिनीनं किल्ली घेतली.

माझी सरकारी नोकरीतली शिल्लक रजा संपवणं चालू होतं, म्हणून मी तिथंच होतो. निवृत्ती जवळ आली की माणूस असाच दुसऱ्यांच्या कामाच्या ठिकाणी जाऊन बसतो. वहिनीनं पुन्हा चारही दारं उघडली, स्विच दाबले. दिवा शहाण्यासारखा विझत होता. मीटरवरही काही दिसेना. दादानं सुचवलं की बॅटरीच बदलून बघू, तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो बॅटऱ्यांकडे निघून गेला. मग ती स्टुलावर बसून उघड्या दाराकडे बघत राहिली. चहा गार झाला.

"मी मूर्ख आहे, भाऊजी," ती शेवटी म्हणाली. "दोन्ही वेळा मी दार उघडं ठेवूनच दाराची परीक्षा घेतली. पण दुखणं तर दार लावल्यावरचं आहे. बंद दारात काय चालतं, ते मी पाहिलंय कुठं?"

तिनं चारही दारांलगतची प्लास्टिकची झाकणं आतून काढली. प्रत्येक दाराकडे जाणाऱ्या तारांचा जोड आता आत बसलेल्याच्या हाताशी आला. मला मागच्या सीटवर डाव्या कोपऱ्यात बसवलं, माझा हात तिथल्या जोडावर ठेवला आणि सांगितल्याशिवाय तो जोड ओढायचा नाही अशी ताकीद दिली. स्वतः पुढे बसली. दारं लावून घेतली आणि दादाला अख्ख्या गाडीवर ताडपत्री टाकायला लावली. दिवा पूर्ण लागेलच असं नाही, तिचं म्हणणं. दिव्यातली बारीक तार नुसती लाल झाली तरी दिसायला हवी.

आत मिट्ट काळोख झाला. सीटला औषधाचा वास होता. बाहेर दादा कुणाला तरी सांगत होता की बायको आणि भाऊ गाडीत आहेत, पण गाडी काही निघणार नाही. मी हसू दाबलं. वहिनी कुजबुजली की हलू नका, गाडी हलेल. मी विचारलं, श्वास घेतला तर चालेल का. ती म्हणाली, "तुम्ही तोसुद्धा अर्ज मंजूर झाल्यावरच घेता. मला काळजी नाही."

मग आम्ही छताकडे बघत राहिलो. काहीच होत नव्हतं. माझा पाय बधिर झाला. हे सारं वायफळ आहे असं मनात आलं, आणि वहिनीला ते कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करू लागलो.

आणि दिवा लागला.

कुणी दाराला हात लावला नव्हता, कुणी हललं नव्हतं. छतात आधी केसाएवढी लाल रेघ दिसली, मग तिचा पिवळा उजेड झाला आणि वहिनीचा चेहरा अंधारातून वर आला. ती घाबरली नव्हती, आनंदलीही नव्हती. एक्स्चेंजमध्ये लांबच्या गावाहून लाइन जुळताना ती अशीच दिसत असेल, असं मला वाटलं. इतका वेळ आमच्याबरोबर तिथं काहीतरी हालत होतं, आणि ती त्याच्याहून स्थिर बसली होती.

तिनं आपल्या बाजूचा जोड हळूच सोडवला. दिवा तसाच. हात लांबवून पलीकडचा सोडवला. तसाच. मागे वाकून माझ्या उजवीकडचा सोडवला. दिवा तेवतच होता.

"आता तुमचा."

मी ओढला. काळोख झाला.

डावं मागचं दार. तेच, जिथं तिनं नवं कुलूप बसवलं होतं. दार आणि गाडी यांच्यामध्ये तारांवर एक रबरी नळी असते. तिची कड पत्र्याच्या भोकातून सुटली होती. दार लावलं की नळी दुमडायची, सावकाश बसत जायची आणि बऱ्याच वेळानं आतली तार पत्र्याच्या धारेवर टेकवायची. तारेचं वरचं आवरण तिळाएवढं घासलेलं होतं. तिळाएवढंच. सिस्टर तोवर मागची बॅग काढून, दार लावून घरात गेलेली असायची, आणि बॅग ठेवायला ते दार उघडलं की नळी सरळ होऊन सारं आलबेल. वहिनीनं तो तीळ मला दाखवला तेव्हा मी त्याच्याकडे आणि टेकडीकडे आळीपाळीनं पाहत राहिलो.

तिनं तारेचा तुकडा बदलला, जोडाला कथलाचा डाख दिला, नळीची कड भोकात चारी बाजूंनी बसवली.

त्याच दुपारी सिस्टर परत आली. वहिनी "झालं" म्हणाली नाही. तिनं सिस्टरलाच गाडीत बसवलं, दारं लावली, वर ताडपत्री घातली. दिवा लागला तर हाक मार, म्हणाली, आणि बाहेर स्टूल टाकून बसली. दादानं आणि मी तेवढ्यात पुन्हा चहा घेतला. वहिनीनं घेतला नाही. आतून हाक येईना. ऊन उतरायला लागलं तेव्हा मात्र वहिनीच अस्वस्थ झाली आणि तिनं ताडपत्रीचं टोक उचललं.

सिस्टर स्टिअरिंगवर डोकं टेकवून गाढ झोपली होती. छत काळोखात होतं.

काचेवरच्या टकटकीनं ती दचकून उठली आणि ओशाळली. म्हणाली, पहारा द्यायला बसवलंत आणि माझा डोळा लागला, आता मला कसं कळणार?

"डोळ्यावर दिवा पेटला असता तर उठली असतीस," वहिनी म्हणाली. "तुझी झोप कशी आहे, हे तुला मी सांगायला नको."

सिस्टरनं छताकडे पाहिलं. रात्रीबेरात्री हाकेसरशी उठणाऱ्या बाईला ते पटायला वेळ लागला नाही. तिनं वर्कशॉपमधल्याच फोनवरून कार्यालयाला कळवलं की उद्याचं उत्तर आजच घ्या, वरच्या वस्त्या तिच्याकडेच राहतील. मग किल्ली फिरवली आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला लावली.