औषध होतं की पाणी

"बाई, आमची फिलू गेली..." आग्नेलचा फोन आला तेव्हा मी दहावीचा तास आटोपून वर्गाबाहेर पडत होते. तो मासे आणायला बाजारात गेला होता. मागे स्वयंपाकघरात तिला फिट आली. तो परतला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

मालवणच्या आमच्या हायस्कुलात फिलोमिना गणित शिकवायची आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या वर्षानुवर्षं शेजारी होत्या. नुसतं उत्तर सांगून मोकळी होणारी मुलं तिला खपत नसत. "उत्तर माका म्हायत आसा. तुका ता खंयसून गावला, ता सांग," असं म्हणत ती खडू पुढे करायची. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा तिचा नवरा आग्नेल तिच्यासमोर कमीच बोलायचा. तिचं बोलणं ऐकत बसणं त्याला मनापासून आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी तारकर्लीला एका लग्नासाठी दोघं स्कूटरवरून निघाली. हेल्मेट आग्नेलच्याच डोक्यावर होतं, कारण फिलूने केसांत अबोलीचा वळेसर माळला होता. गतिरोधकावर स्कूटर उसळली आणि ती मागच्या मागे पडली. उठली, साडी झटकली, "काय झाला नाय माका," म्हणाली आणि लग्नाला गेलीसुद्धा. जेवताना उलट्या सुरू झाल्या, जीभ जड झाली... गोव्यातल्या इस्पितळात पोचेपर्यंत ती बेशुद्ध होती. शस्त्रक्रिया करून डोक्यातली रक्ताची गाठ काढली, पण मेंदूला आलेली सूज उतरेना.

आग्नेलला दम्याचा त्रास. धाप लागली की छातीतली सूज कमी करणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन त्याने कितीदा घेतलेलं. मीही गोव्याला पोचले होते. अतिदक्षता विभागाच्या दारात त्याने तरुण डॉक्टरीणबाईंपुढे हातच जोडले. "माका देतत ताच तिका दिया. एका सुईन मी उठान बसतंय."

"आग्नेलबाब, पूर्वी डोक्याच्या माराला तेच द्यायचे," त्या म्हणाल्या. "सूज आहे, मग सुजेवरचं औषध द्या, असाच सगळ्यांचा समज होता. नंतर नीट तपासून पाहिलं तेव्हा कळलं, ज्यांना ते दिलं त्यांच्यातलीच जास्त माणसं दगावली."

मग डॉक्टरीणबाईंनी एका नव्या औषधाबद्दल सांगितलं. तेही सुजेवरचंच, पण अजून चाचणीत असलेलं. काही रुग्णांना ते मिळणार, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार आणि डॉक्टरांनाही कळणार नाही. बाकीचे उपचार सगळ्यांना सारखेच.

"पाणी कित्याक?" आग्नेलने मला विचारलं. याचं उत्तर फिलूकडे असतं, आणि ती आत नळ्यांमध्ये पडून होती. त्याने सही केली.

ती जगली. चालू लागली, बोलू लागली. पण आमची फिलू काही परत आली नाही. हट्टाने एकदा वर्गावर गेली, फळ्यावर समीकरण मांडलं आणि मध्येच अडली. मुलं चिडीचूप बसून राहिली. मुलं हसली असती तरी मला बरं वाटलं असतं. त्यानंतर तिने शाळेचं नाव काढलं नाही. घरी ताटं भिरकावायची, आग्नेलला नको नको ते बोलायची. एकदा माझ्यादेखत तिने त्याला विचारलं, "माका औषध दिल्यानी काय पाणी?"

"म्हायत नाय गो."

"मगे सई कित्याक केलंस? माझ्या डोक्यार?" मग ती माझ्याकडे वळून थकल्या आवाजात म्हणाली, "पाणी कोणाक तरी मिळाकच व्हया गो. नायतर औषधाचा कसा कळतला?" क्षणभर जुनी फिलू बोलली. आग्नेलचा चेहरा उजळला. दुसऱ्याच क्षणी तिने हातातला कप त्याच्या अंगावर फेकला.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी इस्पितळातून चाचणीतल्या रुग्णांच्या चौकशीचा नेहमीचा फोन आला. मी आग्नेलकडेच होते. फिलोमिनाबाई आपले कपडे आपण घालतात का, एकट्या दुकानात जातात का... आग्नेलने सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि मग ती गेल्याचं सांगितलं. पलीकडची मुलगी गडबडली, क्षमा मागू लागली. "आता तरी सांग गो बाय," तो म्हणाला, "औषध होता काय पाणी?" चाचणी संपेपर्यंत तिलाही ते कळणार नव्हतं. फोन ठेवून तो अंगणात जाऊन उभा राहिला. मी मागोमाग गेले नाही.

त्या मारानंतर फिलूला वासच येईनासा झाला होता. कांदा भाजला की करपला, तिला कळायचं नाही. म्हणून तिच्या स्वयंपाकाच्या वेळी आग्नेल शेजारी उभा राहून वास घ्यायचा आणि तिला सांगायचा. शिव्या खात खात सांगायचा. परवा मी गेले तेव्हा तो एकटाच, दाराकडे पाठ करून, कांदा परतत होता. "आता बरो वास येता गो," तो मोठ्याने म्हणाला, "खोबरा घाल." मी दारातच थांबले. तो थोडा वेळ उलथनं धरून तसाच उभा राहिला. मग खोबरं त्यानेच घातलं.