ताटांची अदलाबदल

आईला मनाचा आजार झाला, तेव्हा तिच्या डोक्यात एकच बसलं, की मी जेवणात विष घालते. म्हैसूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवा, वाद घालू नका. गोळी ती पाकिटातून स्वतःच काढून घ्यायची. जेवणाचं काय? मग मी सारू-भाताची दोन ताटं वाढायची नि म्हणायची, "आई, हवं ते घे." ती रोज माझंच ताट ओढायची, मी तिचं खायची.

कितीतरी महिने असंच चाललं बघा. परवा मात्र तिनं आपल्याच पुढ्यातलं ताट घेतलं, घास खाल्ला आणि म्हणाली, "अय्यो, सारूत मीठ कुठंय गं? म्हातारी झालीस, तरी स्वयंपाक येईना!"

मीठ आणायला उठले, पण आत जाऊन आधी पोटभर हसले.