कमळाबाईंची पारख

पूनम सागर वसाहतीच्या नाक्यावर मासळी घेऊन बसणाऱ्या कमळाबाईंपुढे कुणाची डाळ शिजत नसे. उत्तनच्या कोळीण, सगळा जन्म पाटीमागे गेलेला. गिऱ्हाइकाने माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग बघायला हात घातला की चापट बसायची. "चकाकतोय बघ! वरचा चिकटा काचेसारखा हाय, मंग ताजा न्हाय तर काय?" त्यांची पारख कधी चुकली नाही. म्हणून मीही दुसरीकडे गेलो नाही.

शिंगाळा माशाचा काटा बाईंच्या पायात घुसला, तेव्हा त्यांना साखरेचा आजार होताच. जखम चिघळली. मग तिच्यावर पातळ, चकचकीत थर धरला आणि बाई खूश झाल्या. "तेज आलंय जखमेला. आता भरली समज." मलाही ते खरंच वाटलं. जागृतीला, म्हणजे मुलीला, त्यांनी पाय दाखवला नाही. पोरगी उगाच डोकं खाईल म्हणून.

जागृती पुण्याच्या लॅबमध्ये नेमकं अशाच थरावर काम करते. जंतू एकत्र येऊन अंगावर चिकट थर ओढून घेतात, त्याखाली औषध पोचत नाही. बुरशीतून काढलेलं एन्झाइम तो थर विरघळवतं का, हे ती काचेच्या बशीत बघते. नारळी पौर्णिमेला घरी आली आणि पाय बघताच आईला दवाखान्यात घेऊन गेली. वेळेत दाखवला असता तर डॉक्टरांनी थर खरवडून काढला असता. आता विष हाडात गेलं होतं. गुडघ्याखालून पाय कापला.

पुढे मी त्यांना भेटायला घरी गेलो, तेव्हा जागृती आलेली होती. आईच्या जखमेतलेच जंतू तिने लॅबमध्ये वाढवले होते.

"आई, बशीतला थर अख्खा विरघळला."

"मंग माझ्या पायाला का न्हाय लावलं?"

"माणसाला लावायची परवानगी नाय अजून. वर्षं जातील."

"म्हंजे बशी बरी झाली," कमळाबाई म्हणाल्या.

जागृती उठून आत गेली. मला भयंकर राग आला होता, पण तो काढायचा कुणावर? बुरशीने जंतूंना हरवल्याच्या बातम्या मीही हौसेने पुढे पाठवल्या होत्या.

आता बाई पुन्हा नाक्यावर बसतात, कुबडी पाटीमागे लपवून. परवा मी सरंगा उचलून विचारलं, "ताजा आहे ना?"

त्यांनी माशाकडे बघितलंसुद्धा नाही.

"चकाकतोय तर खरा. पन तू कल्ला उचलून बघ, दादा. माझ्या शब्दावर जाऊ नको."