एका दमात अमरावती

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आणि माझी बायको अशी, की मी शाळेत कोणत्या तासाला जांभई दिली तेही तिला संध्याकाळपर्यंत कळायचं. तरी हे कळलं नाही. म्हणजे बघा, मी किती जपून ठेवलं असेल! आता तुम्हाला का सांगतोय? ते नाही सांगता येणार. सांगतोय, एवढंच.

साठ सालाच्या आसपास मी अकोल्याला एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. शेजारी गणपत मिस्त्री राहायचा, जिनिंग फॅक्टरीत फिटर. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद, आणि हात रिकामे राहिले की याला ताप भरतो, असं त्याची बायको अनसूयावहिनी म्हणायची. अशाच एका पावसाळ्यात त्याने भंगारातून एक लहानसं इंजिन आणलं. महायुद्धानंतर लष्कराचं सामान लिलावात निघालं होतं ना, त्यातलं. बॅटऱ्या चार्ज करायचं. ते माझ्या सायकलला बसवायचं असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे — त्याने. माझी फक्त सायकल होती.

दोन महिने तो खपला. जिनातल्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा आणून इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत फिरवला. पेट्रोलची टाकी म्हणून वनस्पती तुपाचा डबा, त्याला कंदिलाचं फिरकीचं पितळी झाकण. मी काय करत होतो? मी स्टुलावर बसून त्याला पाने-पकडी देत होतो, आणि अधूनमधून घर्षणाविषयी बोलत होतो.

पण गाडी चालली! पायडल मारून वेग द्यायचा, दांडी ओढून पट्टा ताणायचा, की इंजिन भडभडून पेटायचं. आवाज असा, की आमच्या गल्लीतल्या म्हशी पान्हा चोरायला लागल्या. गवळ्याने मिस्त्रीला शिव्या दिल्या, मला दिल्या नाहीत — मी त्याच्या मुलाचा मास्तर होतो. मी कोट घालून बाजारातून दोन फेऱ्या मारायचो. लोक हातातलं वजन हातात ठेवून बघत राहायचे. आणि मला — लपवत नाही — फार बरं वाटायचं.

एकच त्रास होता. झाकणाला एक बारीक भोक होतं. खड्ड्यात गाडी उडाली की त्यातून पेट्रोल उडायचं ते नेमकं माझ्या विजारीवर. बायकोने मला स्वयंपाकघरात यायला बंदी केली. "चूल पेटलेली आहे. तिथेच थांबा, ताट बाहेर आणते." चार दिवस ओसरीवर जेवल्यावर मी मिस्त्रीला म्हटलं, बुजव बाबा ते भोक. त्याने कथिल वितळवून डाखाचा एक थेंब टाकला, आत रबराची चकती बसवली. विजार वाचली.

दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीला शिक्षकांचा मेळावा होता. मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकलं, की मी फटफटीवर येणार, एका दमात. साठ मैल. मिस्त्रीने डबा तोंडापर्यंत भरून दिला. गल्लीतल्या बायकांनी ओवाळलं. मी निघालो.

बोरगाव गेलं आणि थोड्या वेळाने गाडी गुदमरली. दोन आचके दिले आणि बंद. मी प्लग पुसला, पट्टा पाहिला, डबा हलवून पाहिला — पेट्रोल आत खळखळत होतं. पायडल मारमारून माझा जीव गळ्याशी आला, पण ती काही पेटेना. तासाभराने कडब्याची एक बैलगाडी आली. गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं.

"काहून मास्तर, घोडं बसलं काय?"

त्याच घोड्याला कडब्यावर घालून मी मूर्तिजापूर स्टेशन गाठलं. लगेजच्या बाबूने चष्मा वर केला. "मास्टरजी, साइकिल लिखूँ कि मोटर?" मी म्हटलं, सायकल. तो म्हणाला, मग पेट्रोल ओता, पेट्रोल गाडीत चालत नाही. म्हणून मी झाकण फिरवलं — आणि डब्याने लांब श्वास घेतला. सूंऽऽऽ.

कळलं तुम्हाला? मला त्याच क्षणी कळलं. आठवड्यापूर्वीच नववीच्या वर्गात मी तेलाचा डबा टेबलावर ठेवून विचारलं होतं, तेल नीट ओतायचं तर भोकं किती पाडायची? पोरं ओरडली होती, दोन! एकातून तेल बाहेर, दुसऱ्यातून हवा आत. आणि हवेची वाट बुजवायला मीच लावली होती. विजारीसाठी!

झाकण सैल ठेवून पुढे जाता आलं असतं. मी गेलो नाही. तिकीट काढलेलं होतं, पॅसेंजर समोर येऊन उभी होती, आणि फटफटी पुन्हा रस्त्यात बंद पडली तर — या भीतीने मी ब्रेकव्हॅनमध्ये सायकल चढवली. बडनेऱ्याला उतरलो, बाटलीभर पेट्रोल घेतलं, झाकण अर्धं फिरवून ठेवलं, आणि शेवटचे सहा मैल असा गर्जत गेलो, की मेळाव्यातलं भाषण थांबवून लोक बाहेर आले. अध्यक्षांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून माझ्या गळ्यात घातला. अशा वेळी कोण सांगेल, की मी पॅसेंजरने आलो?

परतताना उघडपणे रेल्वेने आलो. पाठ धरली म्हणालो. मिस्त्री स्टेशनवर आला होता.

"मधात कुठी थांबली काय?"

"एकदाही नाही," मी म्हणालो. "एका दमात."

तो सायकलच्या सीटवर हात ठेवून घरापर्यंत चालत आला.

तुम्ही विचाराल, निदान गुपचूप एक भोक तरी पाडायचं. एक खिळा, एक ठोका. रोज ठरवायचो! पण भोक दिसलं असतं, त्याने विचारलं असतं, का पाडलं? मग मी गावातल्या गावात झाकण सैल करून फिरायचो, आणि गाडी ठेवताना पुन्हा घट्ट करायचो. इतका व्यवस्थितपणा मी दुसऱ्या कशात दाखवलेला नाही.

पुढच्या अखजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, अनसूयावहिनींना माहेरी जायचं होतं, बार्शीटाकळीला. मिस्त्रीचा सासरा चांगला जमीनजुमलेवाला. जावई काय करतो असं कोणी विचारलं, की "लोखंड घासते" एवढंच सांगायचा. त्याच्या दारात आपल्या हातच्या गाडीवर उतरायचं, असं मिस्त्रीच्या मनात होतं. त्याने माझ्याकडून गाडी मागून नेली. मी दिली. देताना जीभ उचलली होती मी, खरंच. तेवढ्यात वहिनी नवं लुगडं सावरत मागे बसली, गल्लीतली पोरं ओरडली, आणि ते गेले.

गावाची झाडं दिसायला लागली तेव्हा गाडी बंद पडली. ऐन दुपारी, उन्हात त्याने रस्त्यावर उपरणं पसरून इंजिन खोललं. गाव जमलं. सासरा आला, बघत उभा राहिला, मग गड्याला म्हणाला, "बैल आण रे. बैलाले पेट्रोल लागत नाही." बैल जुंपून त्यांनी गाडी दारापर्यंत ओढत नेली. मागे जावई. वहिनी पुढे निघून गेली होती, तोंडावर पदर घेऊन.

हे त्यानेच मला सांगितलं, माझ्या ओसरीवर बसून. मी हसलो. वाटलं, तोही हसेल. तो हातातलं झाकण फिरवत बसला होता.

"मास्तर, मले एक वाटून राहिलं होतं. हे भोक बुजवलं ना आपण, तेचंच तर काही नसंन? हवा कोंडली असंन आत?"

तुम्हाला काय सांगू? त्याने शोधून काढलं होतं. फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी काही बोलायच्या आतच त्याने मान हलवली. "पण नाही. याच झाकणानं तुमी अमरावती गाठली. मंग झाकणाचं नाही ते."

मी म्हणालो, "हो ना." आणि तेवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, "तुझा हात जरा जड आहे गणपत. पट्टा एकदम ताणला असशील."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "असंन," म्हणाला.

एका कापडाच्या व्यापाऱ्याने त्याला तशीच गाडी करून मागितली होती. त्याने नाही म्हणून सांगितलं. "जे माह्या सासऱ्याच्या दारी पोचलं नाही, ते लोकाले कसं देऊ?" इंजिन काढून त्याने पोत्यात बांधलं, माझी सायकल घासूनपुसून परत केली. त्यानंतर पावसाळ्यात हात रिकामे राहिले तरी त्याला ताप भरला नाही. ओट्यावर बसून राहायचा. जिनात फिटर होता, फिटर म्हणूनच निवृत्त झाला.

तो गेला तेव्हा तेराव्याला लोक मला म्हणाले, मास्तर, तुम्ही दोन शब्द बोला, तुमची दोस्ती. मी उभा राहिलो. आणि काय बोललो? सांगितलं, की या माणसाने भंगारातून गाडी केली, आणि तिच्यावर मी एका दमात अमरावतीला गेलो. म्हशींची गोष्टही सांगितली. लोक डोळे पुसता पुसता हसले. अनसूयावहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती हसली नाही, रडलीही नाही. माझ्याकडे बघत होती.

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, "भाऊजी, चांगलं बोलले तुमी. ते जिवंत असताना हेच सांगत लोकाले. गाडी चांगली होती म्हणत, हातच आपला खराब."

मी चपला घातल्या आणि घरी आलो.